चाकांच्या खुर्चीसाठीं भाड्याची मोटार

रस्त्याच्या कडेला उभें राहून टॅक्सीला हात करणें ही गोष्ट आपणां बहुतेकांच्या इतकी अंगवळणीं पडलेली आहे कीं, त्या एका हात करण्यांत काय काय गृहीत धरलेलें असतें हें आपल्या ध्यानांतही येत नाहीं. गाडी थांबेल, दार उघडेल, आपण वांकून आंत शिरूं, पाय ओढून घेऊं, आणि काम आटोपलें म्हणजे अशाच दुसऱ्या एखाद्या गाडीनें घरीं परत येऊं. यांतील 'वांकून आंत शिरणें' एवढी एकच पायरी काढून घेतली कीं पुढचें सारें कोसळतें. ज्याला व्हीलचेअरवांचून हालतां येत नाहीं अशा माणसाला मग उचलून ठेवावें लागतें. दोघेजण बगलेंत हात घालतात, तिसरा पाय धरतो, आणि खुर्ची मिटून डिकींत कोंबली जाते. ती विजेवर चालणारी असली तर तेंही साधत नाहीं. कारण तसली खुर्ची एकटीच पुष्कळदां शंभर किलोंच्या वर भरते. मग माणूस गाडींत आणि त्याचे पाय घरीं, असा प्रवास होतो. पुष्कळ कुटुंबांतून या अडचणीवर एकच तोडगा निघालेला असतो. तो म्हणजे त्या माणसानें घराबाहेर न पडणें.

खुर्चीसकट माणूस आंत घेणारी मोटार भाड्यानें देण्याचा धंदा काढावा, आणि तोही एखाद्या चालत्या संस्थेच्या नांवाचा मक्ता घेऊन, म्हणजे ज्याला आतां सर्रास फ्रँचायझी म्हणतात त्या रीतीनें काढावा, असा विचार ज्यांच्या मनांत घोळत असेल त्यांच्याशीं आज चार गोष्टी बोलावयाच्या आहेत. गरजू माणसें आहेत कीं नाहींत, ही शंका मनांत आणण्याचें कारण नाहीं. २०११ च्या खानेसुमारींत भारतांत २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली व त्यांपैकीं सुमारें ५४ लाखांचें अपंगत्व हालचालीचें होतें. खुब्याचें हाड मोडलेल्या आजी किंवा अर्धांगानें एक बाजू गेलेले निवृत्त मास्तर यांपैकीं कित्येक तर स्वतःला अपंग म्हणवूनही घेत नाहींत. प्रश्न आहे तो गरजेचें रूपांतर चालणाऱ्या धंद्यांत कसें करावयाचें, हा.

या मोटारीची कथा सांगावयाची तर अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत विनामॅक नांवाच्या लहानशा गांवीं जावें लागतें. तेथें १९४० सालीं राल्फ ब्राउन यांचा जन्म झाला. सहाव्या वर्षीं त्यांना स्नायु झिजत जाण्याचा रोग असल्याचें निदान झालें, आणि चौदाव्या वर्षीं चालणें थांबून ते चाकांच्या खुर्चींत बसले. हातांत मात्र कारागिरी होती. त्यांनीं स्वतःपुरती मोटार लावलेली तिचाकी बनविली, तशीच इतरांना हवी असें दिसतांच १९६३ सालीं एक छोटा कारखाना काढला. पुढें ज्या ठिकाणीं ते नोकरीस होते तो कारखाना दूर हलला, तेव्हां टपाल वांटण्याच्या एका जुन्या जीपला पाठीमागें उचलणी बसवून ते कामावर जाऊं लागले. त्या उचलणीपासून पुढें मोठ्या गाड्यांच्या लिफ्ट निघाल्या, आणि १९९१ सालीं त्यांच्या कंपनीनें तळ खालीं उतरविलेली कुटुंबाची छोटी व्हॅन बाजारांत आणली. २०१३ सालीं ब्राउन वारले. परोपकाराच्या सभेंत ठराव होऊन ही गाडी जन्माला आलेली नाहीं. एका माणसाला सकाळीं कामावर जावयाचें होतें आणि संध्याकाळीं परत यावयाचें होतें, त्यांतून ती निघाली.

'तळ खालीं उतरविलेली' हे शब्द मीं मुद्दाम वापरले. धंदा काढणारानें निदान एवढी विद्या समजून घेतली पाहिजे. व्हॅनचा तळ रस्त्यापासून दोन फूट उंच आहे असें धरा. इमारतीच्या दाराशीं जी चढण बांधतात तिचें रूढ प्रमाण एकास बारा, म्हणजे फूटभर चढावयास बारा फूट लांबी. त्या हिशेबानें या व्हॅनला चोवीस फुटांची फळी लागेल, आणि आपल्या एखाद्या पेठेंतील गल्लींत ती टाकली तर तिचें दुसरें टोंक समोरच्या घराच्या ओट्यावर जाऊन टेकेल! एकास चार असा छातीवर येणारा चढ पत्करला तरी आठ फूट झालेच. यासाठीं कारागीर गाडीचा तळ कापून सुमारें दहा इंच खालीं नेतात. कांहीं गाड्या चढतेवेळीं एका अंगाला बसत्या होतात. आणि मग चार-पांच फुटांची फळी पुरते. तळ खालीं गेल्यानें डोक्यावरही जागा मिळते. खुर्चींत बसलेल्या माणसाचें डोकें जमिनीपासून साडेचार फुटांपर्यंत येतें. तळ न उतरवितां त्याला आंत घेतलें तर मान वांकवून बसावें लागतें, आणि मान वांकवून तासभर प्रवास करणें म्हणजे काय हें ज्याचें त्यानें करून पाहावें. दुसरा मार्ग लिफ्टचा. ती मोठ्या गाडीला शोभते. पण ती बिघडली कीं माणूस आंत अडकतो किंवा बाहेर राहतो. आपल्या पावसांत फळीवर खरखरीत पृष्ठभाग हवा, हें निराळें सांगावयास नकोच.

आंत गेल्यावर खुर्ची गाडीच्या तोंडाकडे तोंड करून उभी करावयाची आणि चार पट्ट्यांनीं चार कोपऱ्यांतून तळाशीं बांधावयाची. एवढ्यानें काम संपलें असें समजणारे ड्रायव्हर पुष्कळ असतात. खुर्चीचा पट्टा हा माणसाचा पट्टा नव्हे. माणसाला कंबर आणि खांदा धरणारा निराळा पट्टा लागतो. नाहीं तर धक्का बसतांच खुर्ची जागच्या जागीं राहते आणि माणूस पुढें जातो. गाडींत बसण्याजोग्या खुर्चीची परीक्षा अमेरिकेंत ताशीं ४८ किलोमीटरच्या टकरीचा धक्का देऊन, खुर्चींत माणसाएवढा पुतळा बसवून घेतात. आपल्या रस्त्यांवरील खड्डे पाहतां टक्कर होण्याचीही वाट पाहण्याचें कारण नाहीं.

आतां फ्रँचायझीकडे वळूं. अमेरिकेंत २६ जुलै १९९० रोजीं अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा झाला. त्यानें सार्वजनिक बसगाड्यांचीं दारें खुर्चीला उघडीं झालीं. परंतु टॅक्सीवाल्यानें साध्या मोटारीखेरीज निराळें वाहन विकत घेतलेंच पाहिजे, असें बंधन मात्र त्यावर आलें नाहीं. लंडनमध्यें याच्या उलट घडलें. २००० सालापासून तेथील प्रत्येक काळ्या टॅक्सींत खुर्ची चढण्याची सोय असणें सक्तीचें झालें. (माझ्या मतें हाच खरा उपाय, तो आपल्याकडे झाला तर आजच्या विषयावर बोलण्याची पाळीच कोणावर येणार नाहीं.) अमेरिकेंत मधली जागा रिकामी राहिली, आणि ती चढणीच्या व्हॅन दिवसाच्या किंवा आठवड्याच्या बोलीनें भाड्यानें देणाऱ्या लहान लहान दुकानांनीं भरून काढली.

तेथें एका नांवाखालीं गांवोगांव शाखा काढण्यांत अर्थ होता, आणि तो अर्थ आपण नीट पाहिला पाहिजे. तेथील गिऱ्हाईक पुष्कळदां परगांवचें असतें. एखादें कुटुंब विमानानें हजार मैल दूर जातें. खुर्ची विमानांतून बरोबर येते. पण विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकतांच गाडी पाहिजे. ती कुटुंबांतीलच कोणी तरी चालवितो. अशा वेळीं नव्या शहरांत ओळखीचें नांव आणि एकच टेलिफोन क्रमांक असणें ही मोलाची गोष्ट आहे, व तिच्यासाठीं शाखावाल्यानें मूळ संस्थेला पैसे मोजावे हें रास्त आहे.

आपल्याकडे चित्र निराळें आहे. येथें गाडीबरोबर ड्रायव्हर हवा. स्वतः चालविण्यासाठीं टॅक्सी भाड्यानें देण्याच्या १९८९ च्या केंद्रीय योजनेनें परवान्यासाठीं किमान ५० गाड्यांची अट घातली. निवृत्तीच्या पैशांतून धंदा काढणाऱ्या गृहस्थाला तो दरवाजा बंदच समजावा. शिवाय गिऱ्हाईक गांवांतलेंच. कोथरूडहून हडपसरला किंवा दादरहून परळच्या इस्पितळांत जाणारें. त्याला मूळ संस्थेचें नांव दिल्लींत किती गाजलेलें आहे याच्याशीं कांहीं कर्तव्य नाहीं. त्याला शेजारच्या बाईंनीं सांगितलेलें असतें, 'त्यांची गाडी वेळेवर येते हो!' मग नांवाचा पैसा कशासाठीं द्यावयाचा?

या प्रश्नाचें उत्तर परतीच्या फेरींत आहे. साधी टॅक्सी बिघडली तर आपण दुसरीला हात करतों. चढणीची गाडी बिघडली तर त्या शहरांत दुसरी बहुधा नसते. सकाळीं अकराला कार्यालयांत सोडलेल्या आजी संध्याकाळीं सातला घरीं आल्याच पाहिजेत. तेथें 'क्लच गेला' हें उत्तर चालत नाहीं. या धंद्यांत गिऱ्हाईक जाण्याचें भाडें देतें, पण विकत घेतें तें परत येण्याचें वचन. हें वचन एका गाडीवाल्याला देतां येत नाहीं. दुसरी गाडी हातीं नसेल तर तो पहिल्या दिवसापासून जें आपल्यापाशीं नाहीं तें विकत आहे. म्हणून फ्रँचायझी देणाऱ्या संस्थेला पहिला प्रश्न विचारावा तो असा: माझी गाडी रस्त्यांत बंद पडली तर माझा प्रवासी घरीं कोण पोंचविणार, किती वेळांत, आणि कोणाच्या खर्चानें? याचें उत्तर करारांत लेखी मिळत असेल तर नांवाची किंमत द्यावी. 'आमचें सहकार्य राहीलच' एवढेंच उत्तर मिळालें तर रंगीत पत्रकें आणि गाडीवरचें चित्र यांसाठीं लाखों रुपये देण्याचें प्रयोजन नाहीं.

येथें एक खोंच आहे. नवा शाखावाला करारांत आपल्या हद्दीचा एकाधिकार हौसेनें मागून घेतो. माझ्या भागांत दुसऱ्यानें फेरी मारूं नये, म्हणून. इतर धंद्यांत तें शहाणपणाचें असेल. या धंद्यांत शेजारच्या शाखेची गाडी आपल्या हद्दींत येण्यास बंदी करणें म्हणजे स्वतःच्या प्रवाशाची परतीची वाट स्वतः अडविणें होय. हद्द मागावी, पण अडल्या वेळीं एकमेकांनीं धांवून जाण्याचें कलम तिच्याबरोबर मागावें, आणि त्या फेरीचे पैसे कसे वांटावयाचे हेंही तेव्हांच ठरवावें.

आतां थोडा हिशेब करूं. आंकडे नमुन्याचे आहेत, ज्यानें त्यानें आपले घालावे. समजा, गाडी आणि तिच्यांतील फेरफार मिळून १५ लाख रुपये लागले व ते सर्व कर्जाऊ काढले. दरसाल दहा टक्के व्याजानें पांच वर्षांच्या फेडीचा मासिक हप्ता ३२ हजारांच्या आसपास बसतो. ड्रायव्हर आणि मदतनीस यांचे पगार ४० हजार धरा. विमा, दुरुस्ती व गाडी ठेवण्याची जागा यांना १३ हजार. चाक एकदांही न फिरवितां महिन्याचे ८५ हजार झाले. महिन्यांत २५ दिवस, रोज एक जाऊन-येऊन फेरी मिळाली तर फेरीमागें ३,४०० रुपये नुसते या खर्चाचे पडतात. रोज तीन फेऱ्या मिळाल्या तर तेच १,१३३ वर येतात. तीनांहून अधिक फेऱ्या सहसा साधत नाहींत. कारण खुर्ची चढविणें, बांधणें, सोडणें, उतरविणें यांत वेळ जातो, आणि शहराच्या एका टोंकाहून दुसऱ्या टोंकाला गाडी पुष्कळदां रिकामी धांवते.

तीन फेऱ्यांचा सुदिन धरून फेरीला १,५०० रुपये आकारले तर महिन्याची आवक १ लाख १२ हजार ५०० होते. फेरीमागें ३०० रुपयांचें इंधन वजा केलें म्हणजे ९० हजार उरले. त्यांतून ८५ हजार गेले. हातांत ५ हजार. आतां मूळ संस्थेचा वांटा आवकीवर शेंकडा सात असेल तर तो ७,८७५ होतो, आणि ५ हजारांच्या नफ्याच्या जागीं जवळजवळ ३ हजारांची तूट दिसूं लागते. संस्थेचा वांटा नफ्यावर नसून आवकीवर असतो, ही गोष्ट करारांतील बारीक अक्षरांत लिहिलेली असली तरी तिचा परिणाम बारीक नाहीं. आणि हें सर्व एका गाडीचें गणित आहे. वचन पाळावयास दुसरी लागते असें तर मीं आतांच म्हटलें.

तर मग हा धंदा करूंच नये काय? तसें मी म्हणत नाहीं. नियमित फेऱ्यांचा पाया घातल्यावांचून करूं नये, एवढेंच म्हणतों. डायालिसिससाठीं आठवड्यांतून दोन-तीन वेळां जाणारे रोगी, विशेष मुलांच्या शाळा, व्यायामोपचाराचीं केंद्रें, अपंग नोकर ठेवणाऱ्या कचेऱ्या यांच्याशीं महिन्याच्या बोलीनें आधीं करार करावे. त्यांतून हप्ता आणि पगार निघाले पाहिजेत. लग्नें, देवदर्शन, नाटक, मतदान, नातवाचें बक्षीस पाहणें हें त्यावरचें उत्पन्न. मात्र या दुसऱ्या प्रकारच्या फेऱ्यांना कमी लेखूं नये; गाडीचें नांव घरोघर होतें तें त्यांनींच. इस्पितळाला रुग्णवाहिकेनेंही जातां येतें. पण रुग्णवाहिकेंतून मांडवाच्या दाराशीं उतरणाऱ्या माणसाभोंवतीं जी गर्दी जमते आणि जे प्रश्न विचारले जातात ते ज्यानें ऐकले आहेत, त्याला चढणीच्या मोटारीचें भाडें जास्त वाटत नाहीं. म्हणून गाडीवर लाल चिन्ह, भोंगा किंवा दयाबुद्धीचें सुभाषित असूं नये. ती चारचौघींसारखी मोटार दिसावी.

सरकारकडूनही मागण्यासारखें कांहीं आहे. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याच्या ४१ व्या कलमांत, अपंगांना परवडेल अशा खर्चांत हिंडतां-फिरतां यावें म्हणून सवलती देण्याच्या व वाहनांत फेरफार करण्याच्या योजना सरकारनें आंखाव्या असें म्हटलें आहे. तें कलम हातीं धरून जिल्ह्याच्या कचेरींत जावें. मात्र गाडीचा तळ कापण्याआधीं आर.टी.ओ.ची लेखी मंजुरी घ्यावी. मंजुरीवांचून कापलेल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी प्रथम नोंदणीचें पुस्तक उघडील, आणि पुस्तकांतील गाडी व रस्त्यावरील गाडी जुळत नाहीं असें दिसतांच तें पुस्तक मिटवील.

कराराविषयीं आणखी दोन शब्द. अमेरिकेंत १९७९ सालापासून फ्रँचायझीचा नियम अंमलांत आहे. २००७ सालीं दुरुस्त झालेल्या त्या नियमाप्रमाणें, सही करण्यापूर्वीं किंवा पैसे घेण्यापूर्वीं निदान १४ दिवस आधीं २३ बाबींचें एक विवरणपत्र गिऱ्हाइकाच्या हातीं द्यावें लागतें. फी किती, एकंदर भांडवल किती, संस्थेवर खटले कोणते, शाखा किती उघडल्या व किती मिटल्या, हें सगळें त्यांत येतें. आणि नुकत्याच सोडून गेलेल्या शाखावाल्यांशीं कोठें संपर्क साधावा, हेंही येतें. आपल्या देशांत फ्रँचायझीसाठीं असा स्वतंत्र कायदा नाहीं. १८७२ च्या कराराच्या कायद्यावरच भिस्त ठेवावी लागते. पण कायद्यानें मागितलें नाहीं म्हणून आपण मागूं नये असें थोडेंच आहे? त्या २३ बाबी कागदावर उतरवून संस्थेपुढें ठेवाव्या. जे सोडून गेले त्यांचीं नांवें देण्यास ती कांकूं करील तर तिचा चहा पिऊन घरीं यावें. जे अजून चालवीत आहेत त्यांना भेटण्यापेक्षां सोडून गेलेल्यांना भेटणें अधिक फायद्याचें. चालविणारा मनुष्य आपली चूक झाली असें सहसा बोलत नाहीं, आणि त्याला नवा शाखावाला मिळवून दिल्याबद्दल कांहीं मिळतही असेल.

ड्रायव्हर निवडतांना गाडी हांकण्याचें कसब एक वेळ दुय्यम धरावें. प्रवाशाशीं न बोलतां त्याच्या मुलीला 'यांना कोठें न्यावयाचें?' असें विचारणारा ड्रायव्हर या कामाचा नाहीं. खुर्चीला हात लावण्यापूर्वीं बसलेल्याला विचारणें, चढणीवर त्याची पाठ उताराकडे ठेवणें, म्हणजे चढतांना तोंड गाडीकडे व उतरतांना खुर्ची उलटी धरून मागें मागें येणें, आणि पट्टे बांधून झाल्यावर खुर्ची स्वतः हलवून पाहणें, हें त्याला पंधरा दिवस रिकाम्या फेऱ्या मारून शिकवावें. त्या फेऱ्यांत मालकानें स्वतः खुर्चींत बसावें.

शेवटीं, करार संपण्याचा दिवस. ज्या दिवशीं तो होतो त्याच दिवशीं त्याच्या अंताचीं कलमें वाचावीं. टेलिफोन क्रमांक बहुधा मूळ संस्थेच्या मालकीचा असतो. प्रवाशांच्या याद्याही तीच आपल्या म्हणते. पुढें हा धंदा करूं नये अशी अटही घातलेली आढळते. करार संपल्यानंतर मनुष्याला आपला धंदा करण्यास बंदी करणारी अट आपल्याकडे त्याच १८७२ च्या कायद्याच्या २७ व्या कलमाखालीं सामान्यतः टिकत नाहीं. तरी वकिलाला दाखवावी. पण त्याहून अधिक जपून पाहावयाचें तें असें, कीं ज्या प्रवाशांच्या फेऱ्या महिनाभर आधीं ठरलेल्या आहेत त्यांचें त्या दिवशीं काय होणार. सोमवार-गुरुवार डायालिसिसला जाणाऱ्या माणसाला दोन व्यापाऱ्यांच्या भांडणाची खबर रस्त्यावर उभें राहून लागूं नये. ठरलेल्या फेऱ्या तीस दिवसांपर्यंत दोघांपैकीं कोणी तरी एकानें पुऱ्या कराव्या, आणि ती गाडी कोणती हें प्रवाशाला आठवडाभर आधीं कळवावें, असें एक कलम आपल्या हातानें लिहून घालावें व त्याखालीं दोघांच्याही सह्या घ्याव्या.